तीन-बाराच्या पोरी

अमरावतीच्या त्या बालगृहात सगळ्या पोरींचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. एक जूनला. सकाळपासून मोठ्या गंजात रवा भाजला जायचा, तुपाचा वास गल्लीपर्यंत सुटायचा, आणि चाळीस पोरी केसांना पाणी लावून, आपापली ताटली घेऊन ओळीत बसायच्या. कोणी कोणाला शुभेच्छा द्यायच्या हा प्रश्नच नव्हता. ज्या द्यायच्या, त्याच घ्यायच्या.

या तारखेचं श्रेय शाळेतल्या मोठ्या गुरुजींना. नाव घालायला पोर नेली की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "जन्मतारीख?" आणि गिरजामावशी दाराला टेकून म्हणायची, "टाका ना गुरुजी तुमच्या मनानं." गुरुजींच्या मनात एकच तारीख होती. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचं गणित सोपं जातं. उभ्या वऱ्हाडात एक जूनची माणसं पायलीची पन्नास सापडतात, ती अशीच.

गिरजामावशी म्हणजे बालगृहाची स्वयंपाकीण, आणि स्वयंपाकाच्या निमित्तानं बाकीचं सगळं. मूळची धामणगाव रेल्वेकडची. नवरा लवकर गेला, सासरी कोणी ठेवून घेतली नाही, आणि इथे चुलीपाशी जी बसली ती उठलीच नाही. हात इतके मोठे, की भाकरीचा गोळा पंजात दिसेनासा व्हायचा.

त्या चाळिसांतली प्रतीक्षा सहा वर्षांची असताना एकदा तापानं फणफणली. अंगावर चादर घेऊन ती चुलीपाशी येऊन बसली आणि रडायला लागली. आईसाठी नाही, आई कशी असते ते तिला ठाऊकच नव्हतं. शाळेत एका मुलीनं सांगितलं होतं की ती झाली त्या दिवशी त्यांच्या गाईलाही वासरू झालं. प्रतीक्षाला त्या वासराचा हेवा वाटला होता.

"मावशी, मी झाले तेव्हा काय झालं होतं?"

मावशीनं पिठाचे हात झटकले. इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी वाकली.

"झाली तवाचं मले ठाऊक नाई. पन तू इथी आली ना, तवा मी भाकर थापत होती. भाईर कडी वाजली. तशीच उठली, हात भरलेले. दार उघडून पायलं तं तू. एवढीशी. तुले उचललं अन् तव्यावरची भाकर इसरलीच मी. करपून कोळसा झाली. तुह्यापायी."

"मग तू रागावलीस?"

"रागावली ना! म्हटलं, आल्या आल्या नुकसान करून राह्यली पोट्टी." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "कोणाले सांगू नको बरं. बाकीच्या रुसतात."

प्रतीक्षानं कोणाला सांगितलं नाही. लोकांकडे बाळलेणी असतात, पाळण्यातला फोटो असतो. तिच्याकडे एक करपलेली भाकर होती. ती तिनं जपली.

ती सातवीत असताना बालगृहात कॉम्प्युटर आला. कोणी दात्यानं दिला होता, आणि त्यांच्याच ओळखीच्या एका मुलानं फुकटात प्रोग्राम बसवून दिला. रजिस्टरमधली सगळ्या पोरींची माहिती त्यानं आधी एका फाईलमध्ये उतरवून घेतली आणि मग एका दमात आत ओतली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या हातात छापील कागद. नाव, उंची, रक्तगट, जन्मतारीख, आणि त्याखाली जन्मवेळ, पंधरा वाजून बारा मिनिटं.

"पंधरा वाजतात का कधी?" चंदानं विचारलं. चंदा प्रतीक्षाच्याच वर्गातली, तिच्याच वयाची, झोपायला शेजारच्या गादीवर.

"दुपारचे तीन-बारा गं."

"माझेबी तीन-बारा!"

"माझेपण!"

कागद फिरले. सगळ्यांचे तीन-बारा. मग चंदाच ओरडली, "म्हंजे आपण साऱ्या भर दुपारच्या! म्हणून तं मले ऊन लागत नाई!"

त्या दिवसापासून शाळेतलं घड्याळ तीन-बारावर आलं की बाकाखालून चिमटा. "तीन-बारा!" ज्याला कळायचं त्याला कळायचं. मोठ्या माणसांनी काही तरी शोधून काढलं असेल, कुठल्या दवाखान्यात विचारलं असेल, असं प्रतीक्षानं धरून चाललं. तारीख गुरुजींच्या मनाची होती, ती तिला कधी आपली वाटली नाही. पण वेळ? वेळ कोणी मनानं थोडीच टाकतं? त्यातही ती बारा मिनिटं. खोटं बोलणारा माणूस तीन म्हणतो, फार तर सव्वातीन. बारा मिनिटं म्हणजे कोणीतरी घड्याळ बघितलं असणारच.

घड्याळ बघितलं होतं. पण कोणी, ते तिला कळलं अकोल्याला.

अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावं लागतं. प्रतीक्षा अकोल्याला कॉम्प्युटर शिकायला आली. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एका बोळात खोली मिळाली. एके दिवशी सरांनी फळ्यावर तक्ता काढला, त्यात रकाने आखले आणि एका रकान्यावर खडू आपटला.

"इथं वेळ लिहायची आहे. पण भरणाऱ्यानं लिहिलीच नाही तर? तर आपण आधीच सांगून ठेवायचं, डिफॉल्ट म्हणजे आत्ताची वेळ. माणूस विसरला की मशीन स्वतःच्या घड्याळात बघतं आणि तीच ठोकून देतं."

मागून कोणीतरी विचारलं, "सर, शंभर नोंदी एकदम टाकल्या तर?"

"एका दमात टाकल्या तर शंभरांनाही तीच वेळ. टाकल्याची वेळ, बरं का. घडल्याची नव्हे. हा फरक ज्याला कळला, त्याला डेटाबेस कळला."

बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. प्रतीक्षा उठली, बाहेर माठापाशी गेली आणि पेला हातात धरून उभी राहिली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

म्हणजे त्या मुलानं दुपारी जेवून कळ दाबली तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. बस. एवढंच. आपण जन्माला आलो तेव्हा नाही, आपली माहिती जन्माला आली तेव्हा.

चंदाला तिनं फोनवर हे सांगितलं नाही. चंदाचं तेव्हा लग्न ठरत होतं.

शिक्षण संपलं, अकोल्यातच एका लहानशा सॉफ्टवेअरच्या ऑफिसात प्रतीक्षाला काम लागलं. दुकानांसाठी बिलांचे प्रोग्राम करायचे, बिघडले की जाऊन दुरुस्त करायचे. एका कृषी केंद्रातून तक्रार आली म्हणून ती गेली. काउंटरमागे नितेश बसला होता. हिवरखेडचा, घरी केळी आणि हरभरा, स्वतः इथे दुकान सांभाळणारा. त्यानं बिल तिच्यापुढे नाचवलं.

"मॅडम, तुमचं मशीन म्हणते मी पहाटे साडेचारले खत विकलं. साडेचारले मी उताणा झोपून राहतो. गिऱ्हाईक काय सपनात आलं?"

"आत्ता दहा वाजलेत ना? तुमच्या मशीनचं घड्याळ विलायतेचं आहे. साडेपाच तास मागे."

"मंग आणा ना त्याले भारतात."

"आणते."

"तिकीट आमाले पडन का?"

ती हसली. घड्याळ भारतात आलं, पण नितेशच्या मशीनच्या तक्रारी काही संपेनात. प्रिंटर अडकला, कळा चिकटल्या, एकदा तर नुसतंच, "मॅडम, हे बघा, चालू आहे ना?" वर्षभरानं त्यानं मोर्णेच्या पुलावर लग्नाचं विचारलं, आणि तेही तक्रार सांगावी तसंच. "माझं काही खरं नाही, तू आल्याशिवाय."

घरी त्यानं सगळं सांगितलं होतं. बालगृह, आईबाप नाहीत, सगळं. त्याची आई पार्वताबाई दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, पत्रिका हाय का? नितेशनं प्रतीक्षाच्या कागदाचा फोटो पाठवून दिला. गावच्या भटजी महाराजांनी पत्रिका मांडली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले.

प्रतीक्षानं चंदाला फोन केला.

"किती म्हनली? अठ्ठावीस?" पलीकडून चंदा हसली. "माझे एकोनतीस होते. दोन साल टिकलं." चंदाचा नवरा कुठेशी निघून गेला होता आणि ती पुन्हा बालगृहात, गिरजामावशीच्या हाताखाली लागली होती. "तुहं टिकन व. तू शिकलेली हायस."

प्रतीक्षाला राहवलं नाही. त्याच पुलावर तिनं नितेशला सांगून टाकलं.

"ती माझी जन्मवेळ नाही."

"मग कोणाची?"

"कॉम्प्युटरची." आणि तिनं त्याला रकाना, डिफॉल्ट, सगळं समजावलं.

नितेश खो खो हसला. "म्हणजे माझे अठ्ठावीस गुण मशीनशी जुळले? चांगलंच हाय की. सर्व्हिसिंगले तू घरातच." मग तिचा चेहरा पाहून तो थांबला. "हे पाहाय, आईले नको सांगू. ती लय खूश हाय. राहू दे."

"पण नितेश..."

"मले काय फरक पडते? मले तू पायजे. येळ घेऊन काय करू?"

हिवरखेडला तिला बघायला बोलावलं तेव्हा ती हेच घोकत गेली. राहू दे. सांगायचं नाही. राहू दे.

पार्वताबाई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. प्रतीक्षा पाया पडली तशी त्यांनी तिला बाजूला ओढून बसवलं आणि एक जुडी तिच्याही मांडीवर टाकली. परीक्षा असेल तर हीच, असं मनात म्हणत प्रतीक्षा पानं खुडू लागली. समोर खाटेवर नितेशचे वडील, खुशालराव, सुपारी कातरत होते.

"पोरी, मी खरं सांगतो," पार्वताबाई म्हणाल्या, "पैले मले जड गेलं. मायबाप नाई, नातंगोतं नाई. मंग मी म्हटलं, येळ हाय ना. येळ हाय म्हंजे येळ पाहनारं कोनीतरी होतं जवळ. बेवारस नाई पोर. कोनीतरी घड्याळात पायलं, कोनीतरी ध्यानात ठेवलं. बारा मिनटं! एवढं तं मले नितेशचंबी ठाऊक नाई."

प्रतीक्षाची बोटं देठावर थांबली.

"अन् जूनचं ऊन व ते. दुपारचे तीन. मी तं हेच मनात आनून राह्यली रोज, की तुह्या मायचे काय हाल झाले असतीन. पंखा असन का नसन. कोनं पानी देल्लं असन का नाई."

कोणी टोमणा मारला असता, हुंड्याचं काढलं असतं, तर प्रतीक्षा गप्प बसू शकली असती. पण ही बाई तिच्या आईला पाणी देत होती. त्या नसलेल्या दुपारी, नसलेल्या खोलीत, रोज.

"आई," ती म्हणाली, "ती वेळ खरी नाही."

दाराशी उभ्या नितेशनं डोळे मिटले.

तिनं सांगितलं. भाजी निवडत निवडत, मान वर न करता. सांगून झालं. खुशालरावांनी अडकित्ता खाली ठेवला आणि उसनं हसू आणलं.

"हात्तिच्या! एवढंच? अवं, माहा वाढदिवस एक जूनले. गणपतचा एक जूनले. त्या सोपानचा एक जूनले. गावातले अर्धे लोक एक जूनले जलमले, बाकीचे अर्धे शाळेतच गेले नाई. गुरुजीनं टाकलं ते आपलं. तसंच हिचं कॉम्प्युटरनं टाकलं. काय फरक हाय?"

"फरक हाय," पार्वताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमची तारीख गुरुजीची. पन तुमची आई सांगत होती का नाई मले? खळ्यात जवारी पडली होती, बैलं मळणीच्या पातीले जुपले होते, अन् तवा तुमी झाले. तारीख नसली तं नसली. मानूस होतं. हिचं कोनाले ठाऊक हाय?"

"पार्वता, तू उगाच..."

"मी वाईट म्हणून बोलून नाई राह्यली. मले येळ नको आता. मले मानूस पायजे." त्या प्रतीक्षाकडे वळल्या. "एक मानूस दाखव, पोरी. कोनी एक, जो म्हनन की ही पोर आली तवा मी होतो, अन् अशी होती ती. मंग मी पुढचं काई इचारत नाई. लगन लावतो."

प्रतीक्षानं मान वर केली. सहाव्या वर्षापासून जपलेली गोष्ट तिच्या ओठांवर आली.

"आहे," ती म्हणाली. "माणूस आहे."

पुढच्या रविवारी पार्वताबाई आणि नितेश अमरावतीला आले. पार्वताबाईंच्या पिशवीतून हिरव्या खणाचं टोक आणि नारळाची शेंडी दिसत होती. ओटी भरायचं त्या ठरवूनच निघाल्या होत्या. प्रतीक्षानं ते टोक पाहिलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. उगाच नजर लागायला नको.

गिरजामावशी आता खाटेवरच असायची. गुडघे गेले होते, डोळ्यात मोतीबिंदू. ते मोठे हात चादरीवर नुसते पडून असायचे. स्वयंपाक चंदा बघायची. पाहुणे आले म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

"मावशी, मी प्रतीक्षा."

"आवाजावरून वयखलं व. वाळली का?"

"नाही. मावशी, या नितेशच्या आई. त्यांना ऐकायचं आहे. मी आले तेव्हाचं. तू मला चुलीपाशी सांगितलं होतंस ना, ताप आला होता तेव्हा?"

मावशी हसली. दात नव्हते, तरी हसू सगळं आलं.

"सांगितलं होतं ना. इसरीन कशी?" तिनं पार्वताबाईंच्या दिशेनं तोंड केलं. "मी भाकर थापत होती, बाई. भाईर कडी वाजली. तशीच उठली, हात भरलेले. दार उघडून पायलं तं ही. एवढीशी. उचललं अन् तव्यावरची भाकर इसरलीच मी. करपून कोळसा झाली. म्हटलं, आल्या आल्या नुकसान करून राह्यली पोट्टी."

पार्वताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांचा हात पिशवीकडे गेला. नितेशनं प्रतीक्षाकडे पाहिलं, आणि पुलावर हसला होता तसा हसला.

चंदा कपबशांचं ताट घेऊन दारात उभी होती.

"मावशी, तू चुकून राह्यली व," ती हसत म्हणाली. अगदी लाडानं, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तशी. "ते तं माहं हाय. करपलेली भाकर माही. हिचं दुसरं असन काईतरी. आठव बरं नीट."

"तुझी?" प्रतीक्षा म्हणाली.

"मंग? मी लहान असताना सांगितलं तिनं. कानात. कोणाले सांगू नको म्हनली, बाकीच्या..."

"रुसतात," प्रतीक्षा म्हणाली.

चंदानं ताट खाली ठेवलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग दोघींनी मावशीकडे पाहिलं.

"दोघींचीबी हाय," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"साऱ्याईची हाय." म्हातारीनं चादरीवरून हात फिरवला, पीठ सारखं करावं तसा. "खोटं नाई व ते. कोनतीबी पोट्टी येवो, मी भाकरीच थापत होती. चाळीस पोट्ट्याईच्या भाकरी. दुसरं काय करत होती मी जलमभर? कडी वाजे, मी उठे, भाकर करपे. कोनती कवा आली, ते नाई राह्यलं ध्यानात. पन प्रत्येकीनं इचारलं. चुलीपाशी येऊन इचारलं. मंग काय सांगू? मले आठोत नाई म्हनू? लेकराले असं सांगतेत का?"

बाहेर अंगणात पोरी दोरीवरच्या उड्या मोजत होत्या.

पार्वताबाई पुढे सरकल्या. खाटेच्या कडेला बसल्या.

"म्हंजे हिचं असं येगळं तुमाले काई आठोत नाई."

"नाई, माय."

"जरासंबी नाई? कपडा कोनता होता, रडत होती का..."

मावशीनं डोळे मिटून घेतले. ती खरंच शोधत होती. पापण्यांखाली बुबुळं हलताना दिसत होती. एक शब्द. लाल फडकं. दुधाची बाटली. काहीही. खोटं बोल मावशी, आजच्या दिवस आणखी एकदा.

"नाई," मावशी म्हणाली. "तुमच्या तोंडावर खोटं नाई बोलत मी. लेकराची गोष्ट येगळी."

पार्वताबाईंनी वाकून मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमी लय केलं, बाई," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. मग त्या उठल्या, पिशवी उचलली. हिरव्या खणाचं टोक त्यांनी बोटानं आत ढकललं.

दारात त्यांनी प्रतीक्षाच्या गालाला हात लावला. "तू गुनाची हायस. पन मी काय धरू, पोरी? मले धराले काई तं पायजे." आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या.

नितेश मागे थांबला. "मी बोलतो घरी. थोडा टाइम दे."

"किती?"

फाटकातून आईनं हाक मारली तसा तो गेला.

खुशालरावांचा एकदा फोन आला. "पोरी, माहं तं हो हाय. पन या घरात माही तारीखच गुरुजीच्या मनाची, तं बाकीचं काय माह्या मनानं होनार?" ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी फोन ठेवला. नितेश आधी रोज बोलायचा, मग आठवड्यानं, मग सणावाराला. दुकानातून मशीनची तक्रार आली, तेव्हा ऑफिसनं दुसऱ्या कोणाला पाठवलं. दिवाळी झाल्यावर तेल्हाऱ्याकडची मुलगी त्याच्या घरात आली. प्रतीक्षाला ते कळलं ते दुकानाबाहेर बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्यांवरून. ती त्या रस्त्यानं ऑफिसला जायची.

त्या हिवाळ्यात गिरजामावशी गेली. झोपेतच. कधी गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. चंदा सकाळी चहा घेऊन गेली तर हात थंड होते.

दिवस झाल्यावर बालगृहातून प्रतीक्षाला निरोप आला. जुना कॉम्प्युटर अगदीच बसलाय, सगळी माहिती नव्यात घेऊन दे. बाहेरच्याला कशाला पैसे, तू घरचीच आहेस. ती आली, ऑफिसच्या खोलीत बसली, जुना प्रोग्राम उघडला. ओळीनं नावं. ओळीनं तीन-बारा. शेजारी चंदा येऊन बसली, हाताला पीठ तसंच.

"हे काय करून राह्यली?"

"जन्मवेळ पुसते आहे. खोटी आहे ती, चंदा." आणि इतक्या वर्षांनी तिनं चंदाला सांगितलं. जेवून आलेला मुलगा, दाबलेली कळ, आत्ताची वेळ.

चंदा पडद्याकडे बघत राहिली. "मले वाटेच," ती म्हणाली. "चाळीस जनी एकाच टायमाले कशा होतीन? पन तू सांगितलं नव्हतं तवरक बरं होतं." मग जरा वेळानं, "मंग तथी काय टाकशीन?"

"काही नाही. रिकामं."

"रिकामं चालते?"

"चालतं. रिकामं म्हणजे, आम्हाला माहीत नाही. आणि पुढे येणाऱ्या पोरींनाही मशीन आपल्या मनानं काही टाकणार नाही, तेही काढलंय मी."

"पन एखादी पोट्टी मोठी होईन, रिकामं पाहीन, अन् येऊन इचारीन. तवा?"

प्रतीक्षाचे हात कळांवर थांबले. भिंतीपलीकडे चूल होती. तिथे आता चंदा बसायची.

तिनं तक्त्यात एक नवा रकाना घातला. नाव दिलं, 'आली तेव्हा जवळ कोण होतं'. त्याला डिफॉल्ट ठेवला नाही. आणि रिकामाही राहू देणार नाही असं केलं. कोणीतरी माणसानं बसून, आठवून, तो लिहिलाच पाहिजे, नाहीतर नोंद पुढे सरकणार नाही.

मग राहिल्या जुन्या चाळीस. त्यांचं आठवणारं माणूस आता नव्हतं. प्रतीक्षानं एकच ओळ टाईप केली, सगळ्यांसाठी, एका दमात. कळ दाबायच्या आधी तिनं ती चंदाला वाचून दाखवली.

"गिरजाबाई होती. भाकरी थापत होती."

चंदानं पदरानं नाक पुसलं. पीठ नाकाला लागलं.

"करपली," ती म्हणाली. "तेबी लिही."

प्रतीक्षानं लिहिलं.